वर्ष झालं

एप्रिल २०२१ मध्ये रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. करोनाची दुसरी लाट होती. आमच्या इमारतीतली दोन माणसं त्याच आठवड्यात गेली होती. त्यात फोनवर नाव दिसलं शिकागोच्या मावशीचं. पंचाहत्तरीची बाई, एकटी राहणारी. मी घाईघाईने उचलला तर पलीकडून रडवेला आवाज, "अगं, वर्ष झालं गं."

कुणाचं वर्ष? मला काही उमजेना. वर्षश्राद्धाचं म्हणतेय का ही? तिच्या नात्यात, ओळखीत वर्षापूर्वी कोण गेलं, ते मी मनातल्या मनात आठवू लागले.

"बाळंतिणींचं गं," मावशी म्हणाली. "साठ दिवसांचं वर्ष झालं. आमच्या इलिनॉयला मंजुरी मिळाली, सगळ्या देशात पहिली." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आई असायला हवी होती. तिला सांगितलं असतं, थोरलीचं वर्ष झालं म्हणून."

थोरली म्हणजे आजीची थोरली बहीण. ती गेली तेव्हा माझी आई जन्मलेली नव्हती, मावशी तर नव्हतीच. पण आमच्या घरात थोरली सगळ्यांना ठाऊक होती. लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत रात्री दिवा मालवला की आजी सांगायला लागायची, आणि तिची गोष्ट बहुतेक वेळा थोरलीपाशी येऊन थांबायची. आजीला इसवी सन कळत नसे. ती काळ मोजायची संपांवर. "मोठा संप" म्हणजे १९२८ चा, सहा महिने चाललेला. त्यानंतरचा १९३४ चा. थोरली गेली ती चौतीसच्या संपाच्या आदल्या साली.

दोघी बहिणी साताऱ्याकडच्या. दोघी एकाच गिरणीत, रिळाच्या खात्यात. हे बायकांचं खातं. वर नाइकीण असायची, ती कामावर घ्यायची आणि कामावरून काढायचीही. पगारातून तिला दस्तुरी द्यावी लागे. पोटुशी बाई दिसली की नाव कापलं जायचं, म्हणून बायका लुगड्याचा पदर ओढून घेत आणि सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत कुणाला पत्ता लागू देत नसत. १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टरबाईंनी मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली होती. कामावर जाताना तान्ह्यांना गुंगीत ठेवायला आया अफूची बाळगोळी देतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. आजीला पाहणीबिहाणी ठाऊक नव्हती, बाळगोळी मात्र ठाऊक होती. तिच्या स्वतःच्या पहिल्या मुलाला तिने ती दिली होती. हे सांगताना ती आवाज खाली आणायची.

थोरली बाळंत झाली तेव्हा कायदा आलेला होता. आजी त्याला "आठ आण्याचा कायदा" म्हणे. मोठी झाल्यावर मी तो शोधला. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या असेंब्लीत असा कायदा आणायचा प्रयत्न केला होता, तो पुढल्याच वर्षी फेटाळला गेला. मग मुंबई कायदेमंडळात असवले यांनी विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. मालकाला त्या बाईच्या कामाचा फायदा होतो, तेव्हा तोही पुरता मोकळा राहू शकत नाही. कायदा झाला १९२९ मध्ये, देशातला पहिला. भार मात्र सगळा मालकावर पडला. रोजाचे आठ आणे, आणि बाळंतपणानंतर चार आठवडे कामावर यायला बंदी.

चार आठवडे. आजीच्या हिशेबात ते बसत नसत. गावाकडे सव्वा महिना. बाजेवर निजायचं, खाली शेगडी, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, ओव्या-शेपाची धुरी, कातबोळ, सुंठ, डिंकाचा लाडू. "बाळंतपण म्हंजी बाईचा दुसरा जल्म," आजी म्हणायची, "आन् जल्मलेल्या जिवाला अठ्ठावीस दिसांत उभं करत्यात व्हय?" पण गिरणीच्या भोंग्यापुढे सव्वा महिना कुठला. पाचव्या आठवड्याला थोरली रिळावर उभी राहिली. आठ आण्यांतले काही नाइकिणीने मागून घेतले होते, उरलेल्यांचा वाण्याचा हिशेब झाला होता.

पुढचं आजी दरवेळी त्याच शब्दांत सांगायची. एखादी ओवी म्हणावी तसे ते शब्द बदलत नसत. "दीड म्हैन्यानं पाय सुजाया लागलं. आमी म्हनलं उभ्यानं काम, सुजनारच. मग रातच्याला निजली का दम लागायचा, उठून बसायची. बसल्या बसल्या झोपायची, भितीला टेकून. पायावर बोट दाबलं का खड्डा पडायचा, आन् त्यो खड्डा भरायचाच न्हाई, तसाच ऱ्हायाचा. मी आपली बघायची, भरतोय का." सुईण म्हणाली, सुवारोग. शेजारची म्हणाली, वारं शिरलं. एकीने अंगारा आणला. दवाखाना होता, डॉक्टरही होते, पण रोज बुडवून जायचं तर खाडा, आणि आठ आणे आता संपले होते. अडीच महिन्यांचं पोर मागे ठेवून थोरली भिंतीला टेकलेलीच गेली.

ते पोर म्हणजे आमचे भाऊमामा. आजीने आपल्या दुधावर वाढवले. पंच्याऐंशी वर्षं जगले.

आजीच्या सांगण्यात एक वाक्य असं होतं, की ते ऐकलं की माझी आई उठून पाणी प्यायला जायची. "बारसं झालं का समद्यांचं डोळं पाळण्यात. पोर समद्यांचं, आन् माय कुनाचीच न्हाई."

ही गोष्ट ऐकूनच मावशी नर्स झाली, असं मी लिहिलं तर ते जरा जास्त होईल. ती नर्स झाली कारण चाळीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर परळला केईएम होतं, आणि शिकताना राहायची-जेवायची सोय होत होती. पण तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्राच्या तासाला बाळंतपणानंतर हृदय कमजोर होण्याच्या एका आजाराचं वर्णन आलं. पायांवर सूज, निजलं की दम, दाबलं की खड्डा. मावशीने वही मिटली आणि त्या दिवशी वसतिगृहावर न जाता थेट घरी आली. आजी चूल सारवत होती. मावशीने तिला सांगितलं, थोरलीला वारंबिरं शिरलं नव्हतं, तिचं काळीज थकलं होतं. आजी सारवायची थांबली. म्हणाली, "मग औषध हुतं का त्याला?" मावशी म्हणाली, होतं. सूज उतरवायचं होतं, काळजाला आधार द्यायचंही होतं. आजी पुन्हा सारवायला लागली, आणि त्या रात्री तिने थोरलीची गोष्ट सांगितली नाही.

मावशी शिकागोला गेली १९७२ च्या जानेवारीत. त्या जाण्यामागे एक साल आहे. १९६५ मध्ये प्रेसिडेंट लिंडन जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सह्या केल्या. ३० जुलैला म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या दोन सरकारी विमा योजनांचा, आणि ३ ऑक्टोबरला परदेशी लोकांना देशात येऊ देण्याचा. दुसऱ्याने हिंदुस्थानातल्या डॉक्टर-नर्सना अमेरिकेचं दार उघडलं. पहिल्याने शहरांतल्या गरिबांना दवाखान्याचं. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी नर्सेस आणि डॉक्टर ज्या वॉर्डांत पोचले, तिथे खाटेवर मेडिकेडवालेच असायचे. मावशी गेली ती थेट एका मोठ्या इस्पितळाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. अमेरिकेत आजही दर दहा बाळंतपणांतल्या चारांहून अधिकांचं बिल मेडिकेड भरतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. त्या देशाची आपल्या मनातली मूर्ती निराळी आहे.

मेडिकेडचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात. कुणाला घ्यायचं याची उत्पन्नाची रेघ बरीचशी राज्य आखतं. यातली मेख मावशीने मला पहिल्यांदा समजावली ती १९९४ मध्ये, मी तिच्याकडे गेले होते तेव्हा. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरून अळीव आणि खारका आणल्या होत्या, कुणा मराठी मुलीच्या बाळंतपणासाठी लाडू वळत होतो. पोटात मूल असलं की बाईसाठी ही रेघ वर सरकते. थोडंफार कमावणारी, दुकानात उभी राहणारी, हॉटेलात खोल्या झाडणारी बाईही मग विम्यात येते. बाळंतपण झालं की साठ दिवस मोजायचे. मग रेघ पुन्हा खाली. त्या खालच्या रेघेत बसायला इतकं गरीब असावं लागे, की नोकरी असलेली बाई बहुधा बसतच नसे.

"आणि साठ दिवस म्हणजे साठही नाहीत," मावशी म्हणाली. साठावा दिवस ज्या महिन्यात पडतो, त्या महिन्याच्या अखेरीला कार्ड बंद. दोन जानेवारीला बाळंत झालेल्या बाईचा साठावा दिवस तीन मार्चला येतो, म्हणजे तिला एकतीस मार्चपर्यंत मिळतं. तीस डिसेंबरला झाली, तर साठावा दिवस अठ्ठावीस फेब्रुवारी, आणि त्याच दिवशी सगळं संपलं. तीन दिवस आधी कळा आल्या म्हणून एक अख्खा महिना कमी. मावशी हे बोटांच्या पेरांवर मोजून दाखवत होती, आजी मोजायची तसं, अंगठ्याने एकेका पेराला स्पर्श करत. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या कागदावर ती लाल शाईने ही तारीख लिहून देई. तसं लिहिणं तिच्या कामात बसत नव्हतं. "त्यांना कुणी सांगतच नाही गं. कार्ड असतं पर्समध्ये, त्यांना वाटतं ते चालू आहे."

त्या दिवशीच तिने मला त्या मुलीची गोष्ट सांगितली. मी ती नंतर अनेकदा ऐकली, आणि आजीच्या गोष्टीसारखीच तीही शब्द न बदलता यायची.

मुलगी बावीस वर्षांची. पहिलं बाळंतपण, १९९२ च्या डिसेंबरची तीस तारीख. दुसऱ्याच दिवशी घरी. तेव्हा विमा कंपन्या चोवीस तासांत बाळंतिणींना घरी पाठवू लागल्या होत्या. पुढे १९९६ मध्ये त्यावर कायदा झाला आणि निदान अठ्ठेचाळीस तास मिळाले. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला ती आली, ठीक होती. फेब्रुवारी संपला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिचे पाय सुजू लागले. एका क्लिनिकमध्ये गेली तर खिडकीवरच्या बाईने कार्ड बघून सांगितलं, हे बंद झालंय, पैसे भरावे लागतील. ती परत गेली. कामावर रुजू झाली होती, उभं राहून पाय सुजणारच, असं तिला घरच्यांनी सांगितलं.

अठरा मार्चच्या रात्री तिला तातडीच्या विभागात आणलं. बसूनच होती, निजवलं की श्वास अडायचा. तान्हं बाळ बरोबर होतं म्हणून बाळंतिणींच्या वॉर्डातून कुणाला तरी बोलावलं, ती मावशी. "मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला," मावशी सांगायची. "खड्डा पडला. मी बघत राहिले, भरतोय का." आणि मग थोडं थांबून, "माझ्याही नकळत मी दिवस मोजले. अठ्ठ्याहत्तरावा होता."

मुलगी वाचली. तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही, असा कायदा तिथे १९८६ मध्ये झाला होता. बाळंतिणीला साठ दिवस देणं राज्यांना बंधनकारक केलं तेही त्याच कायद्याने. एका हाताने साठाव्या दिवशी दार लावायचं, दुसऱ्या हाताने, जीव जायला आला की मागचं दार उघडायचं. मधले अठरा दिवस तिचं हृदय काम करून करून पसरत गेलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी आली असती तर गोळ्यांवर बरी झाली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता ती जगेल, पण जिना चढताना थांबेल, आणि दुसरं मूल होऊ देणं धोक्याचं.

तिला हलवताना मावशीने बाळाची नोंद करायला कागद काढले. बाळाचं कार्ड चालू होतं. मेडिकेडवरच्या आईच्या पोटी आलेल्या बाळाला पहिल्या वाढदिवसापर्यंत विमा मिळतो. एकाच दिवशी, एकाच खाटेवर दोघं जन्मली म्हणा ना, आजीच्या हिशेबाने. एकाला वर्ष, दुसरीला साठ दिवस.

"पोर समद्यांचं," मावशी त्या इस्पितळाच्या पॅसेजमध्ये मराठीत म्हणाली. शेजारी उभी असलेली मिसिसिपीकडची जुनी नर्स म्हणाली, काय म्हणालीस? मावशीने सांगितलं. ती बाई म्हणाली, माझी आजीही असंच काही म्हणायची.

बाळंतपणातला धोका बाळ बाहेर आलं की संपतो, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. दवाखान्यांची, सरकारांची, आणि सव्वा महिना मानणाऱ्या आपल्या घरांचीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मातामृत्यू म्हणजे गरोदरपणातला किंवा बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आतला. त्रेचाळिसाव्या दिवशी गेलेली बाई मुख्य मोजणीत येत नाही. अमेरिकेत राज्याराज्यांतल्या समित्यांनी २०१७ ते २०१९ मधले असे मृत्यू एकेक करून तपासले, तेव्हा गरोदरपणाशी जोडलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा उलटल्यावर वर्षभरात झालेले निघाले. सुमारे तीस टक्के तर बेचाळिसाव्या दिवसानंतरचे. पाचांपैकी चारांहून जास्त टाळता आले असते, असं त्या समित्यांनी म्हटलं. आजार तरी किती तऱ्हेचे: हृदयाचे, रक्तदाबाचे, आणि सगळ्यांत वर मनाचे. खचून जाऊन जीव देणारी, नशेच्या औषधात बुडणारी आई सव्वा महिन्यात दिसत नाही. ती चौथ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात दिसते, पाळण्याकडे बघणं सोडून कुणी तिच्याकडे बघितलं तर. काळ्या बायकांमध्ये हे मृत्यू गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहेत. मावशीच्या वॉर्डात बहुतेक त्याच असत.

२०१८ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सहा आठवड्यांनंतरची एकच तपासणी पुरेशी नाही असं सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत पहिली विचारपूस, बारा आठवड्यांपर्यंत पूर्ण तपासणी, आणि पुढेही चालू राहणारी काळजी असावी, असं त्यांचं म्हणणं. पण ज्या बाईचं कार्डच नवव्या आठवड्यात संपतं, तिने बाराव्या आठवड्यात यायचं कसं? मग करोना आला. मार्च २०२० च्या कायद्याने साथीच्या काळात मेडिकेडवरून कुणालाही काढायचं नाही असं ठरलं. नव्या आयांची कार्डं साठ दिवस उलटले तरी चालू राहिली. ११ मार्च २०२१ च्या कायद्याने राज्यांना बारा महिने देण्याची मुभा दिली, ती १ एप्रिल २०२२ पासून. इलिनॉयने तेवढंही थांबायचं नाकारलं. त्यांनी वेगळी परवानगी मागितली होती, ती एप्रिल २०२१ मध्येच मिळाली. त्या रात्री मावशीचा फोन आला.

मला या इलिनॉयच्या पहिलेपणात एक जुनी गोष्ट दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्युलिया लॅथ्रॉप ही त्याच राज्यातली बाई, शिकागोच्या हल हाउसमध्ये गरीब वस्तीत राहून काम केलेली. १९१२ मध्ये ती अमेरिकेच्या बालक विभागाची पहिली प्रमुख झाली. आया आणि तान्ह्यांसाठी केंद्राने राज्यांना पैसे द्यावेत, ही तिची कल्पना. तिच्यावरून १९२१ मध्ये शेपर्ड-टाउनर कायदा झाला. घरोघर जाणाऱ्या नर्सेस, खेड्यांत तपासणीची केंद्रं. घेणं न घेणं राज्यांच्या मर्जीवर होतं. तीन राज्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही, आणि त्यांत एक इलिनॉय, लॅथ्रॉपचं स्वतःचं. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेचा विरोध होता. १९२९ मध्ये कायदा मोडीत निघाला. म्हणजे मुंबईत आठ आण्यांचा कायदा आला त्याच वर्षी तिकडे तो गेला. नाही म्हणणाऱ्या राज्याने शंभर वर्षांनी सगळ्यांच्या आधी हो म्हटलं. मावशीला हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "शंभर वर्षांत किती थोरल्या गेल्या असतील गं."

त्यानंतर राज्यं एकामागून एक येत गेली. २०२२ च्या डिसेंबरअखेर मुभेची मुदत काढून ती कायमची केली, तरी ती मुभाच राहिली. घ्यायचं की नाही ते राज्याने ठरवायचं. टेक्सस १ मार्च २०२४ ला आलं. आता बहुतेक सगळी राज्यं आली आहेत. एखाद्या राज्याच्या सीमेपलीकडे बाळंत झालं म्हणून बाईचे दिवस कमी व्हावेत, हे मला आजही पटत नाही.

आणि आपल्याकडे? १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे दिले, २०१७ मध्ये सव्वीस झाले. मी सव्वीस आठवड्यांच्या मागे उभी आहे. पण ते नोकरीच्या यादीत नाव असणारीला. बीडहून कोयत्यावर जाणारी बाई फडातल्या कोपीत बाळंत होते आणि काही दिवसांत मोळी उचलते. तिचं नाव कुठल्या यादीत आहे? सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम आहे. बाळंतपण मोफत, ऑपरेशन मोफत, जेवण, रक्त, घरी सोडायची गाडीसुद्धा मोफत. ही मोठी गोष्ट आहे, मी ती माझ्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीच्या वेळी डोळ्यांनी पाहिली. आजारी बाळाला आता तिथे वर्षभर सेवा आहे. आईचे दिवस मात्र बेचाळीसच. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने पुन्हा पेरं मोजली. एका हाताच्या चार बोटांची पेरं बारा होतात. ती बारापर्यंत गेली आणि हात तसाच उघडा धरून बसली.

२०२३ च्या सप्टेंबरात मी पुन्हा तिच्याकडे गेले. आता ती हळू चालते, पण नजर तशीच आहे. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं, तो गोदामात, ती औषधांच्या दुकानात काऊंटरवर. तिचं बाळ तीन महिन्यांचं होत आलं होतं. एका दुपारी ती बाळाला घेऊन खाली आली, दूध गरम करायला, तिचा ओव्हन बिघडला होता. मावशीने बाळाचं कौतुक केलं, गाल ओढला, आणि बाळ माझ्याकडे दिलं. मग तिला म्हणाली, बस.

विचारलं, कार्ड कधीपर्यंत आहे?

ती म्हणाली, पुढच्या जूनअखेरपर्यंत, पत्र आलंय.

मावशीने मान हलवली. विचारलं, रात्री झोप लागते का, उशा किती घेतेस, निजल्यावर दम लागतो का, रडायला येतं का, कुणाशी बोलतेस का. ती मुलगी आधी हसून उत्तरं देत होती, मग एका प्रश्नाला थांबली. मावशी तिच्यासमोर खाली बसू लागली, गुडघे वाजले, मी पुढे झाले तर तिने मला हातानेच थांबवलं. त्या मुलीचा पाय तिने आपल्या मांडीवर घेतला, मोजा खाली सरकवला आणि नडगीच्या हाडावर अंगठा टेकवून दाबला. मनातल्या मनात काही मोजलं, आणि अंगठा उचलला.

खड्डा पडला नव्हता.

"आता दुसरा पाय दे," मावशी म्हणाली.